अठराव्या वर्षी मेंदू कुठवर आलेला असतो?

बारावीनंतर कॉलेज प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय भरायची वेळ आली, तेव्हा माझ्या लेकीनं वहीत रकाने आखले: मागचे कटऑफ, फी, वसतिगृहाची सोय, नाशिकहून लागणारा वेळ. पर्यायांचा क्रम तिनं स्वतः लावला, आणि तो इतका विचार करून लावला होता की बदल सुचवायला जागाच नव्हती. त्याच आठवड्यात ती मैत्रिणींबरोबर भर पावसात, रात्री, ट्रिपल सीट आणि विनाहेल्मेट त्र्यंबक रोडला चहा प्यायला गेली. परगावी एकटं राहायला ती तयार आहे का, हे यातल्या कोणत्या निर्णयावरून ठरवायचं?

मेंदूचा अभ्यास करणारे सांगतात की या दोन निर्णयांमागच्या क्षमता वेगवेगळ्या वयात पिकतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांची चाचणी घेतली. त्यात भारतही होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शांतपणे माहिती तोलून विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षीच प्रौढांच्या बरोबरीला येते. मोह आवरणं आणि पुढचा विचार करून थांबणं मात्र अठरानंतरही विकसित होत राहतं.

यात सोबतीचा वाटा फार मोठा असतो. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी किशोरवयीन, कॉलेजवयीन आणि प्रौढ अशा तीन गटांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ दिला. एकटं खेळताना तिन्ही गट जवळपास सारखाच धोका पत्करत होते. समवयस्क शेजारी उभे राहिले, की प्रौढांच्या खेळात फारसा फरक पडला नाही, पण किशोरांचा धोका पत्करण्याचा कल खूपच वाढला. पुढे २०११ मध्ये असाच खेळ एमआरआय यंत्रात खेळवला, तेव्हा मित्र पाहत आहेत हे कळताच किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग जास्त सक्रिय झालेला दिसला. म्हणजे हेल्मेटचं महत्त्व माझ्या मुलीला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी मैत्रिणींची सोबत त्या माहितीपेक्षा वरचढ ठरली.

आवर घालण्याचं काम मुख्यतः कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. अमेरिकेतले मेंदूसंशोधक जे गीड यांच्या गटानं मुलामुलींच्या मेंदूंचे वर्षानुवर्षं एमआरआय काढले. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं, की मेंदूच्या पुढच्या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे पेशी आणि त्यांच्या जोडण्या असलेला भाग, अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत वाढतं आणि मग कमी होऊ लागतं. ही झीज नव्हे. लहानपणी मेंदूपेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात आणि वयात येताना त्यांची छाटणी होते. आमच्याकडच्या द्राक्षबागांतही छाटणीनंतर नको त्या फुटी काढतात, राहिलेल्यांना जोर मिळतो. फरक इतकाच की बागेत कुठली फूट ठेवायची ते माळी ठरवतो, मेंदूत ते बऱ्याच अंशी वापरावर ठरतं. त्याच काळात पेशींच्या लांब तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं आवरण चढत असतं आणि संदेश कितीतरी पटींनी वेगानं धावू लागतात. पुढच्या भागात हे काम विशी ओलांडल्यावरही चालू असतं.

‘मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो’ हे वाक्य हल्ली सगळीकडे ऐकू येतं. मला ते पटत नाही. अशी ठाम रेघ कुठल्याच अभ्यासात सापडलेली नाही. मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वेळी पक्व होतात, आणि माणसामाणसांत तर खूपच फरक असतो. शिवाय वापरानंच घडणारा अवयव पूर्ण होईपर्यंत घरात जपून ठेवायचा, तर तो घडणार कसा? म्हणून वर्षभर आम्ही एकेक निर्णय तिच्याकडे सोपवत गेलो: महिन्याचे पैसे, बँकेतली कामं, एसटीचं आरक्षण, ताप आला तर डॉक्टरांकडे एकटीनं जाणं. आणि एक गोष्ट डोकं शांत असताना आधीच ठरवून ठेवली. रात्री कुणाच्या गाडीवर बसणं सुरक्षित वाटलं नाही, तर कितीही वाजलेले असोत, फोन करायचा. मी किंवा तिचे बाबा प्रश्न न विचारता सोय करू. ऐन वेळी विचार करायची पाळीच येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

झोपेबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं, हे झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्केडन यांच्या अनेक वर्षांच्या कामातून कळलं. शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेबर्ग यांच्या २००४ च्या अभ्यासात उशिरा झोपण्याकडचा हा कल विशीच्या आसपास सर्वाधिक दिसला, त्यानंतर तो हळूहळू मागे येतो. या वयात आठ ते दहा तास झोप हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका अशी शिफारस केली. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते चांगलंच झालं. पण ज्यांच्या शरीराला सकाळची झोप सर्वांत जास्त हवी असते, त्या अकरावी-बारावीच्या मुलांना आपण सातच्या तासाला बसवतो, आणि वर आळशी म्हणतो. झोप कमी पडली की लक्ष आणि संयम दोन्ही ढासळतात, आणि मग त्या थकलेल्या मुलाकडे बघून आपण त्याची समज मोजतो.

वसतिगृहात पाठवलेल्या मुलाला फोनवर आपण बहुतेकदा अभ्यासाचंच विचारतो. झोप लागते का, जेवण जातं का, संध्याकाळी कुणाबरोबर असतोस, हे आधी विचारावं. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात चोविसाव्या वर्षाच्या आत झालेली असते. कॉलेजची वर्षं नेमकी त्यातच येतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प गप्प आहे, झोप बिघडली आहे, आवडत्या गोष्टींतही मन लागत नाही असं जाणवलं, तर परीक्षा होऊ दे म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं. तो लेकीच्या फोनमध्ये आहे आणि माझ्याही.