जक्कय पुन्हा एकदा

रविवारी चर्चमध्ये मोठ्यांची उपासना सुरू झाली की लहान मुलांना मागच्या खोलीत, संडे स्कूलला पाठवतात. तिथे एक सतरंजी असते, भिंतीवर गेल्या नाताळातले चकाकते कागद असतात आणि एक टीचर असते. तिने बी.एड. केलेलं नसतं. आठवडाभर नोकरी किंवा घर सांभाळून शनिवारी रात्री ती विचार करत बसते, की उद्या नवीन काय सांगू? मागच्या रविवारी तिने बायबलमधली दावीद आणि गल्याथची गोष्ट अगदी जीव ओतून सांगितलेली असते. या रविवारी विचारावं, तर एकाला फक्त गोफण आठवते आणि दुसऱ्याला त्या दिवशी वाटलेले पेढे. असे काही महिने गेले की ती पाळकसाहेबांना म्हणते, 'मला काही हे जमत नाही, दुसऱ्या कोणालातरी द्या.'

तिने एवढ्यात राजीनामा देऊ नये. तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी गेल्या पन्नासेक वर्षांत जे प्रयोग झाले, ते तिच्या बाजूचे आहेत. बहुतेक वेळा चुकतं ते तिचं शिकवणं नाही, तिच्यावर लादलेली नवेपणाची सक्ती. वर्षाचे बावन्न रविवार आणि बावन्न वेगळे पाठ, ही मांडणी छापणाऱ्याच्या सोयीची असते, चार वर्षांच्या मुलाच्या नाही.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या मुलांना चित्रांच्या गोष्टी वाचून दाखवल्या. गोष्टींत काही अनोळखी वस्तू होत्या आणि त्यांना बनवलेली नावं दिली होती. एका गटाला आठवड्याभरात त्याच गोष्टी पुन्हा ऐकवल्या, दुसऱ्या गटाला दर वेळी वेगळ्या. नवे शब्द मात्र दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांनी नवे शब्द कितीतरी चांगले लक्षात ठेवले. कारण समजायला अवघड नाही. पहिल्यांदा गोष्ट ऐकताना मुलाची सगळी शक्ती 'पुढे काय होणार' यातच जाते. ते एकदा कळलं की बारकावे टिपायला जागा मोकळी होते.

म्हणून बायबलमधली जक्कयची गोष्ट घ्या आणि चार रविवार जक्कयच घ्या. पहिल्या रविवारी नुसती गोष्ट सांगा: यरीहो गाव, रस्त्यावर ही गर्दी, बुटका जकातदार, त्याला येशू दिसेना, मग तो धावत पुढे जाऊन उंबरावर चढला. दुसऱ्या रविवारी खुर्ची म्हणजे उंबराचं झाड आणि मुलं म्हणजे गर्दी. ज्याला जक्कय व्हायचंय त्याला खुर्चीवर चढू द्या, एक हात त्याच्या पाठीशी ठेवून. तिसऱ्या रविवारी मुद्दाम चुका: 'मग जक्कय आंब्याच्या झाडावर चढला…' अख्खी खोली ओरडते, 'उंबर!' जे मूल पंधरा दिवस तोंड उघडत नव्हतं, तेही यात असतं. चौथ्या रविवारी गोष्ट मुलांनी सांगायची आणि तुम्ही फक्त 'मग?' म्हणायचं. तोपर्यंत 'सगळे त्याला का टाळत होते?' हा प्रश्न एखादं मूल स्वतःच विचारतं. गोष्टीचं मर्म तिथे आहे, आणि पहिल्या रविवारी तिथवर पोहोचताच येत नाही.

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहणं मात्र शिकावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ही वेळ तीन सेकंदांवर नेली, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तो अभ्यास मोठ्या मुलांचा होता. चार वर्षांच्या मुलाला शब्द जुळवायला त्याहून जास्त वेळ लागतो. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. ती शांतता अंगावर येते, येऊ द्या.

आता बक्षिसं, म्हणजे हजेरीचे स्टार आणि चॉकलेटं. यावर माझं मत ठाम आहे, आणि काही टीचरना ते आवडणार नाही.

1973 साली मार्क लेपर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर ते अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं टेबलावर ठेवली. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी चित्रांवर इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळ घालवला. जो खेळ होता, त्याचं काम झालं होतं. पुढे 2008 मध्ये जर्मनीत वीस महिन्यांच्या बाळांवर असाच प्रयोग झाला. मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू ही बाळं आपण होऊन उचलून देतात. पण दर वेळी खेळणं बक्षीस दिलं, तर नंतर बक्षीस नसताना ती कमी मदत करू लागली.

गोष्ट, गाणं, मदत यांची ओढ मुलाला मुळातच असते. तिथे 'बायबलचं वचन पाठ केलंस तर चॉकलेट' हा सौदा कशाला? ज्या कामात मुलाला रसच नाही, तिथे बक्षिसाने असं नुकसान होत नाही, आणि अचानक दिलेल्या प्रशस्तिपत्राने वरच्या प्रयोगातही आवड घटली नव्हती. तेव्हा नाताळची भेट खुशाल द्या. हजेरीचा तो चांदण्यांचा तक्ता मात्र काढून टाकावा असं मला वाटतं. नाहीतरी मूल किती रविवार आलं हे आईबाबा कधी उठतात यावर ठरतं.

दुसरी सवय वस्तू दाखवून धडा देण्याची. साबण दाखवायचा आणि म्हणायचं, जसा साबण मळ धुतो तसा येशू पाप धुतो. मोठ्यांना हे चटकन कळतं. मुलाच्या लक्षात साबण राहतो. एक वस्तू दुसऱ्याच्या जागी उभी आहे हे कळणं ही मेंदूची चढण आहे. जूडी डीलोश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1987 मध्ये मुलांना खोलीची छोटी प्रतिकृती दाखवून तिच्यात एक इवलं खेळणं लपवलं आणि खऱ्या खोलीत त्याच जागी लपवलेलं मोठं खेळणं शोधायला सांगितलं. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना ते जमलं, अडीच वर्षांच्या बहुतेकांना नाही. ही तर डोळ्यांसमोरची, हातात घेता येणारी वस्तू. 'पाप' आणि 'मळ' यांतलं नातं त्याहून कितीतरी दूरचं. 'हृदयाचं दार उघडा' म्हटल्यावर चार वर्षांचं मूल शर्टाची बटणं बघू लागलं, तर त्यात त्याची चूक नाही. त्यापेक्षा 'येशू जक्कयच्या घरी जेवायला गेला, कारण त्याला जक्कय हवा होता' हे वाक्य पुरतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे वचनही नगर-सोलापूरकडच्या मुलाला सोपं जातं, त्याने धनगर आणि मेंढरं पाहिलेली असतात. मुंबई-वसईच्या मुलाला आधी मेंढपाळ दिवसभर काय करतो ते सांगा, वचन नंतर.

'देव सगळं बघतोय हं' ही धमकीही थांबवायला हवी. 2001 साली अमेरिकेतल्या मुलांना क्रॅकर बिस्किटांचं खोकं दाखवलं. आत निघाले खडे. खोकं पुन्हा बंद करून विचारलं: आईला काय वाटेल, आत काय आहे? आणि देवाला? लहानग्यांच्या मते दोघांनाही खडेच माहीत असणार. पाच-सहा वर्षांची मुलं म्हणाली, आई फसेल, तिला बिस्किटं वाटतील. देव मात्र फसणार नाही. म्हणजे देवाला सगळं ठाऊक असतं ही कल्पना या वयात मुलांना जड जात नाही, ती भीती घालून बसवावी लागत नाही. तिचा उपयोग सीसीटीव्हीसारखा केला, तर मूल फक्त लपायला शिकतं.

गाण्यांविषयी फार सांगायला नको, टीचर ती घेतातच. एवढंच, की गाणं म्हणजे पाठ सुरू होईपर्यंतचा वेळकाढूपणा समजू नका. 2010 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना एकच खेळ दोन तऱ्हांनी खेळवला, गात-वाजवत आणि नुसता. एकत्र गायलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. 'एकमेकांवर प्रीती करा' यावर भाषण देण्यापेक्षा टाळ्या वाजवत एक गाणं दोनदा म्हणा.

पदवी नाही म्हणून संकोचणाऱ्या टीचरसाठी थोडा इतिहास. फ्रान्समधल्या आल्सासच्या डोंगराळ भागात, वाल्डरसबाखच्या परिसरात, 1770 च्या सुमारास सारा बांझे नावाची एक तरुणी आसपासच्या पोरांना गोळा करून विणकाम शिकवता शिकवता गोष्टी आणि गाणी सांगायची. तिथले पाळक योहान फ्रीडरिख ओबरलिन यांनी तिला पाठबळ दिलं. पुढे लुईज शेप्लरने तेच काम वर्षानुवर्षं केलं. युरोपातल्या बालशाळांचा इतिहास सांगताना या खेड्यांचं नाव आवर्जून येतं. किंडरगार्टन काढणारा फ्रोबेल हाही पाळकाचाच मुलगा.

राहिली तक्रार विसरण्याची. मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतलंही तुटक तुटकच. त्यामुळे तुमच्या वर्गातलं मूल विशीत पोचेल तेव्हा कदाचित तुमचा चेहराही त्याला आठवणार नाही. शब्द, चाली, आणि चर्चच्या त्या खोलीत आपल्याला सुरक्षित वाटतं ही जाणीव यांची साठवण मेंदूत वेगळ्या वाटेने होते. प्रसंग पुसला तरी त्या टिकतात. प्रसंगही टिकावा असं वाटत असेल तर घरच्यांना सोबत घ्या. घडलेल्या गोष्टींवर आईवडील मुलाशी रंगून, तपशिलात बोलतात, त्या मुलांच्या आठवणी जास्त समृद्ध असतात असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उपासना सुटल्यावर दारात चपला शोधणाऱ्या आईला एवढंच सांगा: 'आज काय शिकलास, असं विचारू नका ताई, तो काहीच नाही म्हणेल. जक्कय झाडावर का चढला, ते विचारा.'