एजंट नको, वकील पुरे: अमेरिकेतील घरखरेदीची पार्श्वभूमी

रिअल्टरला, म्हणजे घरांच्या दलालाला, वगळून केवळ वकिलाच्या मदतीने घर घेण्यास अमेरिकेत कायद्याची आडकाठी नाही. तरीही उत्तर न्यू जर्सीत वकील हा घरखरेदीतला नेहमीचाच माणूस, तर कॅलिफोर्नियात त्याची आठवणही क्वचितच होते. दलालाने कोणते कागद करावेत आणि वकिलाने कोणते, याचा निवाडा प्रत्येक राज्याने आपापल्या परीने केल्यामुळे हा फरक पडला. अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दलालांना करारनामे तयार करण्यास मनाई केली, तेव्हा ते थेट मतदारांकडे गेले आणि पुढच्याच वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती करवून त्यांनी तो अधिकार परत मिळवला. न्यू जर्सीत मात्र १९८३ मध्ये तडजोड झाली: दलालाने भरलेल्या करारावर सह्या झाल्या, तरी कामकाजाच्या तीन दिवसांत वकील तो नामंजूर करू शकतो, अशी अट करारातच घालावी लागते. तिथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या परिचयाचा ‘अटर्नी रिव्ह्यू’ तो हाच.

वकील स्वस्त पडतो ही समजूत मात्र फार जुनी नाही. १९७१ मध्ये व्हर्जिनियात घर घेणाऱ्या गोल्डफार्ब दांपत्याने मालकीहक्काच्या तपासणीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या सर्च रिपोर्टसारख्या कामासाठी, वकील शोधला, तर त्याने घराच्या किमतीच्या एक टक्का फी सांगितली. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रे लिहिली. १९ जणांनी उत्तर दिले आणि त्यांतला एकही वकील संघटनेच्या दरपत्रकाखाली यायला तयार नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे किमान दरपत्रक मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरवले. ठरावीक रकमेत सगळे काम करून देणाऱ्या वकिलांची वाट इथून मोकळी झाली.

दलालांची सक्तीची दरपत्रके त्याच न्यायालयाने १९५० मध्येच अवैध ठरवली होती, पण कमिशन पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच राहिले. कारण विक्रेता आपल्या दलालाला कमिशन देई आणि त्यातला वाटा खरेदीदाराच्या दलालाला मिळे. त्यामुळे दलालाशिवाय येणाऱ्याची बचत आपोआप होत नसे. तो वाटा बहुधा विक्रेत्याच्या दलालाच्याच खिशात जाई. वकिलाला पैसे देऊनही घराची किंमत तीच, हा या पर्यायातला खरा अडसर होता.

कमिशनच्या याच वाटणीवरून झालेल्या खटल्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरीतील ज्यूरीने रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून विक्रीस असलेल्या घरांच्या, दलालांच्या सामायिक यादीत खरेदीदाराच्या दलालाचा मोबदला जाहीर करणे बंद झाले. आता वकिलासह येणारा खरेदीदार त्या वाट्याइतकी रक्कम किमतीतून कमी करण्याची मागणी उघडपणे करू शकतो. विक्रेत्याने ती मान्य केलीच पाहिजे असे नाही. शिवाय वकील कागद तपासतो, छत गळते का हे पाहायला वेगळा तपासनीस लागतो, आणि मागितलेला भाव रास्त आहे का, हा हिशेब खरेदीदाराला स्वतःच मांडावा लागतो.