डे पास

डे पास : (मुक्कामाविना हॉटेलचा दिवसभर वापर). हॉटेलात खोली न घेता तिथला तरणतलाव, किनाऱ्यावरच्या खुर्च्या-छत्र्या, स्नानगृह, जेवण आणि काही ठिकाणी मद्य यांचा ठरावीक वेळेपुरता लाभ घेण्याची सशुल्क सवलत. क्रूझ जहाजे जिथे थांबतात अशा बंदरांत, विशेषतः कॅरिबियन समुद्रात, ही प्रथा फोफावली. ही नोंद सोलापूर जिल्ह्याच्या नजरेने लिहिली आहे आणि त्या जिल्ह्याला समुद्र नाही. तरी हंगामी हुरडा-सहली आणि तीर्थक्षेत्रांतील काही तासांच्या खोल्या हे त्याच जातीचे व्यवहार असल्याने त्यांचा विचार याच नोंदीत केला आहे.

उगम : या प्रथेचा आरंभ एका वर्षाला किंवा एका हॉटेलला बांधता येत नाही. तिची तीन मुळे संभवतात. पहिले मूळ एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या समुद्रस्नानाच्या गावांत शोधता येते. आगगाडीमुळे सकाळी निघून रात्री घरी परतणे जमू लागले. टॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर ते लाफबरो अशी सुमारे ५०० लोकांची सहल माणशी एक शिलिंग दराने नेली, ती या एकदिवसीय प्रवासाची ठळक खूण मानली जाते. इटलीच्या किनाऱ्यांवर कपडे बदलण्याची खोपटी आणि छत्र्या दिवसाच्या भाड्याने देण्याची पद्धत आजही आहे. मात्र हे व्यवसाय मुळातच बाहेरच्यांसाठी उभारलेले होते. आत मुक्कामी पाहुणा आणि बाहेरून येणारा उपरा हा भेद तिथे नव्हता. त्यामुळे हे नाते पूर्वजाचे नसून भावंडाचे म्हणावे लागते.

दुसरे मूळ ‘सर्वसमावेशक’ दराच्या हॉटेलांत आहे. बेल्जियमचे जेरार ब्लित्झ यांनी १९५० मध्ये मायोर्का बेटावरील अल्कुदिया येथे तंबूंची वसाहत उभारून क्लब मेड सुरू केला. राहणे, जेवण, खेळ यांचे पैसे आधीच एकरकमी घ्यायचे, ही त्यातली कल्पना. पेयांचे पैसे पुढे रोखीऐवजी माळेतले मणी देऊन चुकते होऊ लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमैका, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि मेक्सिको येथे अशी हॉटेले वाढली. जिथे प्रत्येक पदार्थाचे वेगळे बिल नाही, तिथे पैसे भरलेला कोण आणि न भरलेला कोण हे ओळखायला अंगावरच खूण लागते. म्हणून मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी आली. आणि अशी पट्टी एकदा हाताशी आली की ती आठवड्यासाठी विकता येते तशी एका दिवसासाठीही विकता येते. तिन्हींत हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

तिसरे मूळ खुद्द क्रूझ कंपन्यांत दाखवले जाते. नॉर्वेजियन कॅरिबियन लाइनचे ‘सनवर्ड’ हे जहाज १९६६ मध्ये मायामीहून सुटू लागले. याच कंपनीने १९७७ मध्ये बहामातील ग्रेट स्टिरप के हे बेट आपल्या प्रवाशांपुरते घेतले. प्रवाशांना शहर नको, नुसता किनारा हवा, हे त्यावरून दिसले, एवढे खरे. पण त्या बेटावर उतरायला वेगळे पैसे पडत नव्हते. शिवाय प्रवासी तिथे गेला की बंदरातल्या हॉटेलचे गिऱ्हाईक कमी होते. खासगी बेटे ही डे पासची जननी नसून प्रतिस्पर्धी ठरतात. गंमत अशी की २०१९ मध्ये नव्याने बांधलेल्या बहामातील कोकोके बेटावर रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने जलक्रीडा उद्यान आणि बीच क्लब यांना स्वतंत्र तिकीट लावले, म्हणजे डे पास मागच्या दाराने परत आला.

कॅरिबियन बंदरांतील क्रूझ जहाजांच्या गर्दीमागे एक जुना कायदाही आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी नेता येत नाहीत. बहुतेक क्रूझ जहाजे परदेशी ध्वजाचीच असतात. अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचे तर मध्ये एखादे परदेशी बंदर घ्यावे लागते. बहामातील नासाऊ, मेक्सिकोतील कोझुमेल ही नावे वेळापत्रकांत सतत दिसतात ती काही अंशी यामुळे.

व्यवहार : जहाज साधारणतः सकाळी सात-आठला धक्क्याला लागते आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास सुटते. प्रवाशांना सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी चढावे लागते. हॉटेलच्या हिशेबाने ही वेळ सोयीची असते. रात्रीचे पाहुणे सकाळी खोल्या सोडतात, नवे दुपारनंतर येतात, आणि मधल्या वेळेत तलावाकाठच्या खुर्च्या रिकाम्या पडतात. डे पास विकतो ते हे रिकामपण. हॉटेल भरलेले असले की पास मिळत नाही, किंवा संख्येवर मर्यादा येते. खोली पासात धरलेली नसते; कपडे बदलायची जागा आणि लॉकर मिळतो, टॉवेलसाठी बहुधा अनामत घेतात.

हॉटेलातल्या अशा दिवसाची सहल जहाजावरूनच आरक्षित केली तर बहुधा महाग पडते, पण परतायला उशीर झाल्यास जहाज थांबते. स्वतः पास काढून टॅक्सीने गेलेल्यासाठी ते थांबेलच असे नाही. उलट वादळामुळे जहाजाने बंदरच टाळले, तर जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात आणि परस्पर काढलेल्या पासाचे मिळणे हॉटेलच्या अटींवर राहते. घड्याळाचा घोळही होतो. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रो राज्याने २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे, तर मायामीत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असते. जहाज आपली वेळ बदलतेच असे नाही. म्हणून मोबाइलवरच्या वेळेपेक्षा जहाजावरच्या घड्याळावर भिस्त ठेवण्याचा सल्ला देतात.

किनाऱ्याचा हक्क : पासात समुद्र विकला जातो का, याचे उत्तर देशागणिक बदलते. मेक्सिकोत किनारा संघराज्याच्या मालकीचा असून सर्वांना खुला आहे, आणि वाट अडवणाऱ्यांना दंड करण्याची तरतूद २०२० मध्ये झाली. बार्बाडोसमध्ये किनारे सार्वजनिक आहेत. जमैकात मात्र १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्यामुळे जनतेला किनाऱ्यावर सरसकट हक्क मिळत नाही, आणि तिथला पास खऱ्या अर्थाने किनाऱ्याचाच पास होतो. गोव्यात दोनापावलजवळील वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी वाट लोकांसाठी खुली राहिली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. गोव्यात हॉटेलला पैसे मोजायचे ते सावली, गोडे पाणी आणि जेवण यांचे, वाळूचे नव्हे.

सोलापूरहून : मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या सफरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. सोलापूरकर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने किंवा १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणाऱ्या वंदे भारतने मुंबई गाठून जहाज पकडतात. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागते. तिथून बोगमाळो, कोलवा हे किनारे उत्तरेकडील बागा-कळंगुटपेक्षा सोयीचे. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाल्यावर नुसत्या किनाऱ्यासाठी जहाजाचा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारण उरले नाही.

हुरडा-सहल : जिल्ह्यातला अस्सल डे पास समुद्राऐवजी काळ्या रानात मिळतो. कृषी पर्यटन केंद्रावर माणशी ठरलेली रक्कम भरायची आणि सकाळचा नाश्ता, हुरडा, दुपारचे जेवण, बैलगाडी, झोके असा दिवस घालवून संध्याकाळी शहरात परतायचे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्याआधीही मित्रमंडळींना, पै-पाहुण्यांना रानात हुरड्याला बोलावण्याची रीत होतीच, फक्त तिला दर नव्हता.

इथे वेळेचे बंधन पीक घालते. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. दाणा चिकात असतो ते मोजके दिवसच हुरड्याचे. त्याआधी तो नुसता दुधाळ असतो, नंतर निबर होतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पाहुणे घ्यायचे तर एकाच रानात टप्प्याटप्प्याने पेरणी करावी लागते. मोहोळ येथे निवडीने तयार झालेला मालदांडी (एम ३५-१) हा वाण भाकरीसाठी नावाजलेला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हुरड्यासाठी सुरती, गुळभेंडी असे गोडसर, सहज सुटणारे वाण वेगळे पेरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे वाण काढले आहेत. केंद्रचालक कोणता वाण पेरतो यावरून तो शेतकरी आहे की नुसता हॉटेलवाला, हे ओळखू येते.

कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळतात आणि पाखडून ताटात वाढतात. सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही, बोरे. हुरडा गरमच खायचा असतो. मोठ्या गटांसाठी तो आधीच भाजून डब्यात भरून ठेवण्याची चाल काही ठिकाणी पडली आहे, ती पासाचे पैसे वाया घालवणारी.

तासांची खोली : अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि गाणगापूर एका फेरीत करणाऱ्या गाड्यांमधील भाविक रात्रभर प्रवास करून पहाटे पोहोचतात. त्यांना मुक्काम नको असतो. आंघोळ, कपडे बदलणे आणि दर्शन होईस्तोवर सामान ठेवणे एवढीच गरज असते. ‘फ्रेश व्हायला रूम’ या नावाने लॉजवाले दोन-तीन तासांसाठी खोली देतात आणि सहा जणांच्या कुटुंबालाही एकच खोली पुरते. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात हा व्यवहार जवळजवळ थांबतो, कारण तेव्हा खोल्या मुक्कामालाच पुरत नाहीत.