‘पिन रुळली का?’ : नव्या कार्ट्रिजच्या पहिल्या पन्नास तासांमागची गोष्ट

टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरला, नवं कार्ट्रिज (पिन धरणारा आणि तिच्या हालचालीचा विद्युत-संकेत करणारा ठोकळा) बसवलं की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, ‘पिन रुळली का?’ म्हणजे सुरुवातीचे पन्नासेक तास वाजल्यावर आवाज खुलतो म्हणतात, तसा खुलला का? तीन शब्दांच्या या प्रश्नात दोन घोळ आहेत. एक ‘पिन’चा, दुसरा ‘रुळण्या’चा.

पिनचा घोळ निरुपद्रवी आहे. फोनोच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या काळात पिन म्हणजे पोलादी सुई. डबीतून काढायची, एक बाजू वाजवायची आणि फेकून द्यायची. पुढे नीलमण्याचं टोक लावलेली बारीक काडी पिन झाली. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘पिन आहे का’ विचारा, एकजण नुसता स्टायलस (टोक आणि त्याची काडी) दाखवेल, दुसरा अख्खं कार्ट्रिज, तिसरा हेडशेलसकट (कार्ट्रिज ज्यात बसतं त्या डोक्यासकट) सगळं समोर ठेवेल. तिघांचंही बरोबर.

रुळण्याचा घोळ मात्र खिशाला लागतो. पोलादी सुई खरोखरच रुळायची. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असे. पहिल्या काही फेऱ्यांत ती सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करी. म्हणजे तबकडी सुईला घडवत असे. १९४८ साली अमेरिकेत विनाइलची लाँगप्ले आली आणि ही पूड गेली. खाच अरुंद झाली, टोक साधारण ७५ मायक्रॉनवरून २५ वर आलं, १९५८ च्या सुमारास स्टिरिओ आल्यावर १८ च्या आसपास. शिवाय टोक हिऱ्याचं. मऊ विनाइल पन्नास तासांत हिऱ्याला काय घडवणार? कारण उरलं नाही, कल्पना तेवढी उरली.

मुंबईतल्या बहुतेक घरांत मधली वीस-पंचवीस वर्षं हा प्रश्नच आला नाही. सूटकेससारख्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असे, त्याच्या बाजूला एक छोटी कळ. ती फिरवली की ७८ ची पिन वर आणि एलपीची खाली. जुळवायचं काहीच नाही. पिनेचं रेकॉर्डवर पडणारं वजन पाच-सहा ग्रॅम, कारखान्यातूनच ठरलेलं. त्याआधीच्या क्रिस्टल कार्ट्रिजांचे पावसाळ्यात फार हाल होत, कारण आतला रोशेल क्षाराचा खडा दमट हवेत खराब होतो. जूनमध्ये बरा असलेला आवाज गणपतीपर्यंत पिचका व्हायचा आणि घरचे रेकॉर्डला दोष द्यायचे. पिन उडायला लागली की आर्मच्या (पिन धरणाऱ्या दांड्याच्या) डोक्यावर चार आण्याचं नाणं. ते नाणं अडीच ग्रॅमचं. आजच्या बऱ्याचशा कार्ट्रिजचं रेकॉर्डवर पडणारं सगळं मिळून वजनही त्याहून कमी असतं. फोर्टच्या फुटपाथवर भावगीतांच्या ज्या करड्या पडलेल्या ईपी (छोट्या रेकॉर्ड) मिळतात, त्यांच्या खाचांत त्या नाण्यांचा मोठा वाटा आहे.

दोन स्क्रूंनी स्वतः जुळवायचं कार्ट्रिज आणि आर्मच्या मागे फिरवून लावायचं वजन ही भानगड आली ती आखातातून येणाऱ्यांच्या सामानातून, मुसाफिरखान्याच्या बाजारातून, आणि आयात सैल झाल्यावर उघडपणे. भूमिती मात्र जुनीच होती. आर्म एका खिळ्याभोवती फिरतो, रेकॉर्ड कापणारं टोक सरळ रेषेत जातं. त्यामुळे वाजवताना पिनेचा खाचेशी कोन चुकतोच, फक्त तो कुठे किती चुकू द्यायचा हे ठरवता येतं. इंग्लंडमध्ये १९२४ मध्ये यावर लिहिलं गेलं, १९३८ आणि १९४१ मध्ये गणित पक्कं झालं. आज सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मांडणीत चूक शून्य होते ती रेकॉर्डच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. कार्ट्रिज जुळवायला या दोन खुणांचा तक्ता कागदावर मिळतो; तो छापून घेताना झेरॉक्सवाल्याला ‘पानात बसवू नका, आहे त्या मापात काढा’ हे सांगायलाच हवं. पट्टी लावून तपासा; ९७ टक्क्यांवर छापलेल्या कागदाने जुळवलेलं कार्ट्रिज ‘रुळत नाही’ म्हणून महिनाभर कुरकुरणारे मी पाहिले आहेत.

आता खरा वाद. काही कंपन्यांची पत्रकं वीस तास सांगतात, काही पन्नास. हौशी मंडळी शंभरापर्यंत जातात. या तासांत बदलत असेल तर रबर: कॅन्टिलिव्हरच्या (टोक धरणाऱ्या बारीक काडीच्या) मुळाशी असलेला चिमुकला डॅम्पर, हादरे शोषणारा. डबीत पडून तो किंचित ताठतो, वाजवल्यावर थोडा सैलावतो. इतकंच मानायला माझी हरकत नाही. पण ‘पहिले दहा तास तार सप्तक बोचतं, मग मखमली होतं’ यातलं बरंचसं कानाचं रुळणं आहे असं माझं मत, आणि उरलेलं हवेचं. उकाड्यात रबर मऊ पडतं, एसीत ताठ होतं. मे महिन्यात पंख्याखाली ऐकलेलं कार्ट्रिज आणि तेच एसी लावून ऐकलेलं, यांतला फरक पन्नास तासांच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. हे मान्य करायला मंडळी तयार नसतात, कारण मग वाट पाहण्यातली गंमत जाते.

या शब्दाचा उपद्रव कळतो चोर बाजारात. ‘सीलबंद, एकदाही वापरलेलं नाही’ अशी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची डबी समोर येते. २०१८ साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीने कार्ट्रिज बनवणं थांबवल्यापासून अशा डब्यांचा भाव चढलाच आहे. हिरा नवा असतो, रबर दगड झालेलं असतं किंवा चिकट. मी घेतलेल्या एकाने पहिल्याच दिवशी प्रत्येक ‘स’ला थुंकायला सुरुवात केली. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: ‘साहेब, रुळेल.’ नाही रुळलं. मेलेलं रबर तासांनी जिवंत होत नाही.

वीसेक तासांनंतर करायचं काम एकच, आणि ते कंटाळवाणं आहे: वजन पुन्हा मोजणं. डॅम्पर सैलावला तर कार्ट्रिज थोडं खाली बसतं, पिनेचा उभा कोन हलतो. काटा छोटा डिजिटल चालेल, पण त्याचं ताट लोखंडी नको; मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजचं चुंबक ते ओढून घेतं आणि १.८ ग्रॅम लावलेलं असताना भलताच आकडा दिसतो.

काहीजण रेकॉर्डच्या शेवटच्या बंद खाचेत पिन रात्रभर फिरत ठेवतात, तास भरावेत म्हणून. त्यात गाणं नाही, म्हणजे रबराला व्यायामही नाही. हिऱ्याचं आयुष्य तेवढं खर्च होतं. त्यापेक्षा रात्री अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून धुतलेली रेकॉर्ड लावावी. शेजारी झोपलेले असतात, गल्ली शांत असते, आणि कान जवळ नेला तर स्टायलसमधूनच बारीक, पत्र्यासारखा आवाज ऐकू येतो. शब्दसुद्धा कळतात.