घरगुती एअर कॉम्प्रेसर: टाकीपेक्षा हवेचा हिशेब महत्त्वाचा

मुंबईत यंत्रसामग्रीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या नागदेवी स्ट्रीटवर एअर कॉम्प्रेसर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो "किती एचपी आणि किती लिटरचा?" हा. हे दोन्ही आकडे यंत्रावर ठळक छापलेले असतात. पण हातातले काम त्या यंत्रावर निभेल की नाही, हे त्यांवरून कळत नाही. ते ठरते एका तिसऱ्या आकड्यावर: ठरावीक दाबाला यंत्र दर मिनिटाला बाहेरची किती हवा पुरवू शकते यावर. माहितीपत्रकात तो 'फ्री एअर डिलिव्हरी' किंवा एफएडी या नावाने, लिटरमध्ये नाहीतर सीएफएममध्ये दिलेला असतो. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर. शेजारी 'डिस्प्लेसमेंट' म्हणून जो मोठा आकडा असतो, तो पिस्टनच्या हालचालीने मोकळ्या होणाऱ्या जागेचा असतो. प्रत्येक फेरीत सिलिंडरच्या माथ्याशी थोडी दाबलेली हवा अडकून राहते, ती प्रसरण पावून नव्या हवेची जागा खाते, शिवाय तापलेल्या सिलिंडरमध्ये शिरणारी हवा विरळ होते. त्यामुळे छोट्या यंत्रांत प्रत्यक्ष मिळणारी हवा डिस्प्लेसमेंटच्या साठ-सत्तर टक्केच भरली तरी नवल नाही.

टाकी मोठी घेतली की ही उणीव भरून निघते, असा समज आहे. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला, शाळेत सर्वांनी पाठ केलेला नियम इथे कामाला येतो. २४ लिटरच्या टाकीत काट्यावर ८ बार दाब (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) असेल आणि तो ६ बारपर्यंत उतरला, तर बाहेर पडलेली हवा वातावरणाच्या दाबाला २४ गुणिले २, म्हणजे ४८ लिटर भरते. स्प्रे गनला मिनिटाला २५० लिटर हवा लागते आणि यंत्र देते १२० लिटर, असे समजू. पहिले ४८ लिटर साडेअकरा सेकंदांत संपतात, टाकी भरल्यावर थांबलेली मोटर ६ बारला आपोआप सुरू होते, पण खर्च आवकेच्या दुप्पट असल्याने दाब उतरतच राहतो आणि आणखी अर्ध्या मिनिटात ३ बारवर येऊन फवारा फाटू लागतो. म्हणजे कपाटाचे एक दार रंगवतानाही मधेच थांबणे आले. टाकी दुप्पट केली तर ही वेळ पाऊण मिनिटाची दीड मिनिट होते, इतकेच. टाकी हवा साठवते, निर्माण करत नाही.

याउलट टायरचे काम अगदी किरकोळ आहे. छोट्या मोटारीच्या टायरची पोकळी सुमारे ३० लिटरची असते. त्यातला दाब २६ वरून ३३ पीएसआयवर न्यायचा, तर अर्ध्या बारहूनही कमी फरक, म्हणजे जेमतेम १५ लिटर हवा. ज्यांना एवढेच करायचे आहे, त्यांनी टाकीच्या यंत्राच्या फंदात पडूच नये. मुंबईत 'गॅरेज' म्हणजे बहुधा इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग, आणि तिथे विजेचा प्लग मिळणे हाच योगायोग. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर तिथे पुरेसा आहे.

पावसाळ्यातल्या पाण्याची बाब दुकानात सहसा कोणी काढत नाही. जुलैमध्ये ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता मुंबईकरांना नवी नाही. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. ती हवा ८ बारपर्यंत, म्हणजे (काट्यावरचे ८ अधिक वातावरणाचा १) वातावरणाच्या जवळपास नऊपट दाबाला नेऊन पुन्हा ३० अंशांवर आणली, की तिचे आकारमान नवव्या हिश्शावर येते आणि तेवढ्या जागेत साडेतीन ग्रॅमच वाफ मावते. उरलेल्या २२ ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला १२० लिटर देणारे यंत्र अर्धा तास चालले तर साधारण ८० मिलिलिटर, म्हणजे कटिंगच्या ग्लासाएवढे पाणी सुटते. लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळांत स्प्रे गन चालते ती नेमकी आषाढ-श्रावणात, आणि रंगावर पाण्याचा एक थेंब उडाला तरी डाग पडतो. पाणी अडवणारा फिल्टर लोक टाकीच्या तोंडाशीच बसवतात. पण तिथे हवा अजून गरम असते, वाफ तशीच पुढे जाते आणि नळीत थंड होऊन पाणी होते. चार-पाच मीटर नळी सोडून, गनच्या जवळ बसवलेला फिल्टर खरा उपयोगी पडतो.

तेल लागणारे यंत्र टिकाऊ असते, पण हवेसोबत तेलाचा अंश येतो आणि रंगाच्या थरात खळगे पडतात. बिनतेलाच्या यंत्रात पिस्टनची कडी टेफ्लॉनसारख्या पदार्थाची असते. फ्लॅटमध्ये वापरणाऱ्याने आवाजापायीच बिनतेलाचे, सावकाश फिरणारे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटरला थेट जोडलेली स्वस्त यंत्रे मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतात आणि जवळ उभे राहिल्यास ९० डेसिबलच्या घरात आवाज करतात. १४०० फेऱ्यांची 'सायलेंट' यंत्रे ६० ते ७० डेसिबलमध्ये भागवतात. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे ध्यानात घेतले की शेजारी का भांडतात ते कळते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा आहे.

विजेचा विचार करता दोन एचपीचे यंत्र २३० व्होल्टवर आठ-नऊ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून १६ अँपिअरचाच प्लग हवा. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरवर व्होल्टेज पडते आणि मोटर नुसती घुमत राहते. अंतर गाठायचे असेल तर वायर न वाढवता हवेची नळी वाढवावी. मोटर बंद होताना येणारा 'फुस्स' आवाज हा बिघाड नसून पिस्टनवरचा दाब मोकळा झाल्याची खूण आहे. तो आवाज येईनासा झाला तर पुढच्या वेळी मोटरला भरल्या दाबावर सुरू व्हावे लागते आणि ती जळू शकते.

काम संपल्यावर टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक, म्हणजे साठलेले पाणी काढायची तोटी, उघडावा. तांबूस पाणी आले तर आत गंज धरला आहे. २४ लिटरच्या भरलेल्या टाकीत सुमारे २८ हजार ज्यूल ऊर्जा असते. तेवढ्याच दाबाच्या पाण्यात ती नगण्य असते, कारण पाणी दबत नाही. म्हणूनच टाक्यांची चाचणी हवा भरून न घेता पाणी भरून घेतात. गंजाने पातळ झालेला पत्रा बाहेरून रंग मारल्यावर दिसत नाही. तेव्हा जुना कॉम्प्रेसर घेताना मोटरचा आवाज नंतर ऐकावा, आधी टाकीखाली हात फिरवावा. तिथे वेल्डिंगचे ठिगळ लागले, तर किंमत कितीही कमी असली तरी ते यंत्र घेऊ नये.