फोनचा सातबारा

छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटला कुठल्याही मोबाइलच्या दुकानात पाच-सात वर्षांचा जुना फोन दाखवा, उत्तर ठरलेलं असतं: "याचे अपडेट बंद झाले साहेब, एक्स्चेंजला टाका." लोकही मान डोलावतात. पण त्या फोनमधली चिप, रॅम, रेडिओ सगळं जागच्या जागी आहे. आटला आहे तो कंपनीचा उत्साह.

अशा फोनवर लिनक्स या मुक्त सॉफ्टवेअरची दुसरी प्रणाली टाकता येते. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सचंच कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा गाभा, असतं, पण चिप आणि फोनच्या कंपन्यांनी ठिगळं लावून जुनाट ठेवलेलं. 2017 मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पानं ठरवलं, की शक्य तिथे लिनक्सचं मूळ, ताजं कर्नलच फोनवर चालवायचं. फोनला 10 वर्षं आयुष्य मिळावं हा हेतू. त्याच वर्षी कॅनॉनिकल कंपनीनं उबुंटू टच ही आपली फोनची लिनक्स प्रणाली सोडून दिली, ती यूबीपोर्ट्स या गटाच्या स्वयंसेवकांनी उचलली आणि आजही चालवली आहे.

मग संगणकात पेनड्राइव्ह लावून लिनक्स टाकतो, तसं फोनवर का टाकता येत नाही? माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

संगणकात कर्नल पीसीआय बसला, म्हणजे कार्डं जोडणाऱ्या सामाईक मार्गाला, विचारतं, "कोण कोण आहे?" प्रत्येक कार्ड आपली ओळख सांगतं. बाकीची माहिती बायोस हे संगणक सुरू करणारं सॉफ्टवेअर एका तक्त्यात देतं. फोनच्या चिपमध्ये असं उत्तर देणारं कुणी नाही. तिथली उपकरणं मेमरीतल्या ठरावीक पत्त्यांवर गप्प बसलेली असतात. चुकीच्या पत्त्यावर हात घातला तर फोन जागीच अडकू शकतो. म्हणून कर्नलच्या हातात आधी कागद द्यावा लागतो. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. हा फोनचा सातबाराच: कुठल्या पत्त्यापासून किती जागा आणि तिथे कोण.

स्नॅपड्रॅगन 410 ही फोनची चिप घ्या. तिच्या उताऱ्यात एक सिरियल पोर्ट 78बी0000 या सोळाच्या पायातल्या (हेक्साडेसिमल) पत्त्यावर नोंदलेला आहे. नोंदीत तीन गोष्टी: कुठला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) लावायचा, जागा किती, आणि काम पडलं की कुठल्या इंटरप्टवर (लक्ष वेधणाऱ्या सिग्नलवर) हाक मारायची. टचची चिप आय-टू-सी नावाच्या दोन तारांवर असते, तिचा वेगळा पत्ता. फोकलटेक कंपनीच्या बऱ्याच टच चिपांचा 38, तोही सोळाच्या पायातला. ही साधी मजकुराची फाइल असते. तिचं बायनरी रूप बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम, कर्नलला देतो. पूर्वी एआरएम (फोनमध्ये असतात त्या घराण्याच्या) चिपांची ही माहिती कर्नलच्या कोडमध्येच कोंबलेली असायची. 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर जाम भडकले, आणि पुढे डिव्हाइस ट्री रुळली.

गंमत अशी, की कधी कधी एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन कारखान्यांचे स्क्रीन असतात. नोंद दुसऱ्याच स्क्रीनची असेल तर फोन आत व्यवस्थित चालू आणि समोर काळाकुट्ट पडदा. दुकानदार म्हणेल, "डेड झाला."

एकदा फोन उठला की हवा तसा वळवा. फॉश या लिनक्स फोनच्या पडद्यावरच्या मांडणीत चालणाऱ्या स्क्वीकबोर्ड या कीबोर्डची मांडणीसुद्धा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. मी माझ्यात ळ आणि ऱ्य पहिल्याच पानावर आणून ठेवले. हा अधिकार कंपनीच्या कीबोर्डवर सहसा मिळत नाही.

आता कटू बाजू. बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि काही कंपन्या तो उघडूच देत नाहीत. कॅमेरा बऱ्याचदा चालत नाही. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, त्यामुळे व्होएलटीई (फोरजीवरून कॉल) जमलं नाही की इंटरनेट आहे पण कॉल नाही. यूपीआयची बहुतेक ॲप्स इथे हात वर करतात. "लिनक्स फोन हॅक होत नाही" ही थाप, आणि बाजारात मिळणारं सोनेरी "रेडिएशनरोधक" स्टिकर हा त्याच जातीचा गंडा. स्टिकरनं लहरी खरंच अडवल्या, तर फोन रेंजसाठी आणखी जोर लावील.

माझ्या मते असा फोन खिशात नको, घरात कामाला लावा: छोटा सर्व्हर म्हणून. लोडशेडिंगमध्ये वेगळा इन्व्हर्टर लागत नाही, बॅटरी आतच. फक्त मे महिन्यात पत्र्याखाली, चार्जरला चोवीस तास लावून ठेवू नका. उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की लिथियमची बॅटरी फुगते, आणि पहिल्यांदा उचकटतो तो मागचा पॅनल.