अमेरिकेने युद्धकाळात जप्त केलेला कॉपीराइट: परत आला का, कोणाकडे आला आणि ते कागदावर कसं दाखवायचं

जप्त झालेला कॉपीराइट परत द्या, असा अर्ज आज अमेरिकेत कोणीही स्वीकारत नाही. ज्या कार्यालयाकडे तो जायचा ते 1966 मध्येच बंद झालं. तरी वारसदार 'परतीचा दाखला' मागत फिरतात आणि प्रकाशक 'ना हरकत' मागत बसतात. मिळणार काहीच नसतं, कारण बहुतेक हक्क कायद्यानेच परत गेले आहेत. तुमचं काम हक्क मागायचं नाही, तो तुमच्यापर्यंत आल्याचं पत्र लिहून, कागद जोडून दाखवायचं आहे. फाइल अडकते ती इथेच.

थोडी पार्श्वभूमी, लागेल तेवढीच. जप्तीचा मूळ कायदा 'ट्रेडिंग विथ द एनिमी ॲक्ट', 1917 चा. दुसऱ्या महायुद्धात 11 मार्च 1942 च्या आदेशाने एलियन प्रॉपर्टी कस्टोडियनचं, म्हणजे परकीयांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय उभं राहिलं. त्याने शत्रुराष्ट्रांतल्या आणि शत्रूने व्यापलेल्या देशांतल्या लोकांचे अमेरिकेतले पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट सरकारजमा केले. ऑक्टोबर 1946 मध्ये हे काम न्याय खात्याकडे, म्हणजे ॲटर्नी जनरलकडे गेलं. जप्त केलेली जर्मन शास्त्रीय पुस्तकं आणि नियतकालिकं अमेरिकन मुद्रकांना लायसन्स देऊन छापून घेतली गेली.

जप्ती कशाची झाली होती

जप्त झाला तो फक्त अमेरिकेतला हक्क. जर्मनीतला, जपानमधला किंवा भारतातला हक्क कस्टोडियनच्या हाती कधीच गेला नाही. त्यामुळे जुन्या जर्मन पुस्तकाचा मराठी अनुवाद पुण्यात छापून महाराष्ट्रात विकणाऱ्याने या सगळ्यात पडायचं कारण नाही. त्याने भारतीय मुदत बघावी. तेच ई-बुक न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना विकायचं असेल तर मात्र अमेरिकन हक्क तपासावाच लागतो.

फरक किती पडतो ते बघा. पुस्तक 1935 चं, लेखक 1950 मध्ये वारला. भारतात मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणून 1 जानेवारी 2011 पासून मोकळं. जर्मनीत 70 वर्षं, म्हणून 1 जानेवारी 2021 पासून. अमेरिकेत इतक्या जुन्या पुस्तकाला लेखकाच्या मृत्यूचा हिशेबच नाही. हक्क जिवंत असेल तर प्रकाशनापासून 95 वर्षं, म्हणजे 2030 अखेरपर्यंत. 'जर्मनीत मोकळं झालं की सगळीकडे मोकळं' हे गृहीत धरून अनेकांनी हात पोळून घेतले आहेत.

हक्क परत येण्याच्या वाटा

पहिली वाट मार्च 1946 ची. 1917 च्या कायद्यात कलम 32 आलं आणि व्यापलेल्या देशांतल्या लोकांना, तसंच स्वतःच्याच सरकारने वंश, धर्म किंवा राजकारणावरून नागरिकत्वाचे हक्क काढून घेतलेल्यांना दावा करता येऊ लागला. असे दावे एकेक करून निकाली निघाले आणि त्यांचे 'रिटर्न ऑर्डर', म्हणजे परतीचे आदेश, फेडरल रजिस्टर या अमेरिकन सरकारच्या राजपत्रात छापले गेले. बाकी जर्मन आणि जपानी नागरिकांसाठी 1948 च्या वॉर क्लेम्स ॲक्टने दार बंद केलं. इटलीशी 1947 मध्येच वेगळा करार झाला होता.

दुसरी वाट 22 ऑक्टोबर 1962 च्या कायद्याची, पब्लिक लॉ 87-846. सरकारकडे उरलेले कॉपीराइट काही अपवाद सोडून जुन्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना एकगठ्ठा परत गेले. अर्ज नाही, पुस्तकागणिक आदेश नाही. इथेच लोक फसतात. फेडरल रजिस्टरमध्ये आपल्या पुस्तकाचा रिटर्न ऑर्डर सापडला नाही की हक्क अजून सरकारकडेच आहे असं समजतात. 1962 च्या वाटेने आलेल्या हक्काचा असा आदेश निघालेलाच नसतो.

तिसरी वाट 1 जानेवारी 1996 ची. ही जप्तीपेक्षा वेगळ्या अडचणीसाठी आहे. जुन्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट 28 वर्षांचा असे आणि 28 व्या वर्षी नूतनीकरण केलं तरच पुढची मुदत मिळे. म्हणजे 1930 च्या पुस्तकाचं नूतनीकरण 1957-58 च्या सुमाराला करायचं. नेमका त्या वेळी हक्क ॲटर्नी जनरलच्या ताब्यात, लेखक परागंदा किंवा मेलेला, प्रकाशक मोडीत निघालेला. ज्याचा हक्क काढून घेतला त्यालाच वेळेवर नूतनीकरण केलं नाही म्हणून शिक्षा! नूतनीकरण हुकलं की पुस्तक सार्वजनिक मालकीचं झालं. अशा परदेशी कृतींचा अमेरिकन हक्क नव्या कायद्याने 1996 मध्ये आपोआप जिवंत झाला, पण अटींवर.

1996 च्या अटी, म्हणजे पात्रता

निर्मितीच्या वेळी किमान एक लेखक पात्र देशाचा (ढोबळमानाने, आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराचा किंवा जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य असलेल्या, अमेरिका सोडून दुसऱ्या देशाचा) नागरिक किंवा रहिवासी हवा. पहिलं प्रकाशन पात्र देशात झालेलं हवं आणि त्यानंतर 30 दिवसांत अमेरिकेत प्रकाशन झालेलं नसावं. या दोन्ही अटी सहसा त्रास देत नाहीत.

त्रास देते ती तिसरी अट: 1 जानेवारी 1996 रोजी कृती मायदेशात संरक्षित हवी. जर्मनीत तेव्हा मृत्यूनंतर 70 वर्षं होती, म्हणून 1925 किंवा त्याआधी वारलेल्या लेखकाचं काही जिवंत झालं नाही. जपानमध्ये 50 च वर्षं होती. म्हणजे 1945 मध्ये वारलेला जपानी लेखक बाद आणि 1946 मध्ये वारलेला पात्र. जपानने पुढे मुदत वाढवली, तिचा इथे काही उपयोग नाही. मृत्यूचं वर्ष नीट तपासा, एका वर्षाने निकाल फिरतो.

चौथी अट खास जप्तीची आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कृती कधीही कस्टोडियनच्या मालकीत किंवा व्यवस्थापनात होती, आणि जिवंत झालेला हक्क आज एखाद्या सरकारकडे किंवा सरकारी संस्थेकडे गेला असता, तर तो जिवंत होतच नाही. नाझी पक्षाच्या प्रकाशनसंस्थेचे हक्क युद्धानंतर जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याकडे गेले. तिथली बरीच पुस्तकं याच अटीवर बाद होतात. दोन्ही भाग एकदम लागू व्हावे लागतात. नुसती जप्ती झाली होती म्हणून खासगी लेखकाचा हक्क बुडत नाही.

कागदपत्रं

व्हेस्टिंग ऑर्डर: जप्तीचा आदेश. फेडरल रजिस्टरचे अंक 1936 पासून सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. 1942 चा खंड 7, 1943 चा खंड 8. नुसतं शीर्षक टाकून शोधाल तर हात हलवत परत याल, कारण यादीत जर्मन अक्षरांवरचे टिंब गळलेले असतात आणि स्कॅनमध्ये आणखी चुका पडतात. प्रकाशकाचं नाव आणि अमेरिकन नोंदणी क्रमांक घेऊन शोधा. काही आदेशांत पुस्तकाचं नाव नसतंच, करार आणि त्यावरचं मानधन जप्त केल्याचं लिहिलेलं असतं.

युद्धकाळातलं अमेरिकन पुनर्मुद्रण हाताशी असेल तर शीर्षकपानामागे 'लोकहितार्थ, कस्टोडियनच्या अधिकाराने प्रकाशित' अशा अर्थाची ओळ आणि एक क्रमांक दिसेल. हा मुद्रकाच्या लायसन्सचा क्रमांक आहे, जप्तीच्या आदेशाचा नाही. लोक तोच उतरवून पाठवतात.

नूतनीकरणाची नोंद: कॉपीराइट ऑफिसच्या जुन्या छापील सूचीत 27 व्या आणि 28 व्या, दोन्ही वर्षांचे खंड बघा. कोणाच्या नावाने झालं तेही लिहून घ्या: लेखक, विधवा, मुलं की खुद्द ॲटर्नी जनरल. नोंद सापडली तर पुस्तक सार्वजनिक झालंच नव्हतं आणि तुमची वाट 1962 ची. नाही सापडली तर 1996 ची. दोन्ही वाटा एकाच पत्रात मिसळल्या की वाचणारा दोन्हींवर शंका घेतो.

प्रकाशनाचा मूळ करार: हा बहुतेकांकडे नसतो. जिवंत झालेला हक्क सुरुवातीला लेखकाचा की दुसऱ्या कोणाचा हे मायदेशाच्या कायद्याने ठरतं, आणि प्रकाशकाने तो विकत घेतला होता का हे करारावर. पण 4 डिसेंबर 1943 च्या हवाई हल्ल्यात जर्मनीतल्या लाइपझिग शहराचा बहुतेक पुस्तक-मोहल्ला जळाला आणि त्याबरोबर कित्येक प्रकाशकांची दप्तरं गेली. मग कस्टोडियनच्या फाइलीत बघायचं. त्या मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, रेकॉर्ड ग्रुप 131 मध्ये आहेत. जप्ती करताना सरकारने माहिती गोळा केली होती, आणि तुमचा हरवलेला पुरावा कधीकधी जप्त करणाऱ्याच्याच कपाटात निघतो.

वारसा: जर्मन लेखकासाठी वारसा न्यायालयाचा एर्बशाइन, म्हणजे वारस दाखला. वारसाचा वारस असाल तर प्रत्येक टप्प्याचा वेगळा. सातबाऱ्यावर मधला एक फेरफार नसेल तर जे होतं तेच इथे होतं.

मुदती आणि नोटीस

दोन तारखांचा घोळ कायमचा आहे. 9 फेब्रुवारी 1955 ही जुन्या परतीच्या दाव्यांची शेवटची तारीख होती, जप्ती त्याआधी दोन वर्षांच्या आत झाली असेल तर थोडी पुढे. 31 डिसेंबर 1997 ही 1996 च्या वाटेवर, आपण हक्क बजावणार असल्याची नोटीस कॉपीराइट ऑफिसात दाखल करण्याची. ती हुकली म्हणून हक्क गेला, असं सांगणारे सल्लागार भेटतात. तसं नाही. ऑफिसात दाखल केलेली नोटीस सगळ्यांना लागू झाली असती, आता ज्याने आधीपासून वापर चालवला आहे त्या प्रत्येकाला वेगळी द्यावी लागते. त्यानंतर त्याला साठा संपवायला 12 महिने मिळतात. आजच छपाई सुरू करणाऱ्याला ना नोटिशीचा हक्क, ना 12 महिन्यांची सवलत.

नोटिशीत मूळ शीर्षक, त्याचा इंग्रजी अनुवाद, माहीत असलेली इतर शीर्षकं, मालकाचा पत्ता, दूरध्वनी आणि कोणत्या वापराला हरकत आहे हे हवं. सही मालकाची किंवा प्रतिनिधीची. प्रतिनिधीचं लेखी अधिकारपत्र नोटिशीच्या आधीच्या तारखेचं हवं, नंतर करून जोडलेलं चालत नाही. आणि मालकीबद्दल जाणूनबुजून खोटं काही लिहिलं तर त्या हक्काबाबतचे सगळेच दावे रद्द होतात, म्हणून ज्या टप्प्याचा कागद नाही तिथे 'कागद उपलब्ध नाही' एवढंच लिहा.

जप्तीच्या काळात सरकारने गोळा केलेल्या मानधनाची मागणी मात्र पत्रात घालू नका. जर्मन आणि जपानी मालमत्तेचा पैसा 1948 च्या कायद्याने वॉर क्लेम्स फंडात गेला आणि युद्धकैदी व इतर दावेदारांना वाटला गेला.